इगतपुरीचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर, तेही ऑगस्टमध्ये: तयारी काय करू?

ओवी७१
इगतपुरीच्या धम्मगिरी विपश्यना केंद्रातल्या ऑगस्टच्या शिबिराला नाव लागलंय. पहिलंच शिबिर. दहा दिवस बोलायचं नाही याचं काही वाटत नाही, धास्ती आहे ती गुडघ्याची. वय ५४, डावा गुडघा कुरकुरतो, मांडी घालून वीस मिनिटांच्या वर बसवत नाही. दिवसाला पाच कप चहा लागतो. बीपीची गोळी रात्री जेवणानंतर असते. घरी सासूबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत, त्यामुळे फोन जमा करायचा म्हटलं की पोटात गोळा येतो. रजा नेमकी किती टाकायची, गुडघ्याचं काय करायचं आणि त्या पावसात सामान काय न्यायचं? 'मन मोकळं ठेवून जा' छापाची उत्तरं कृपया नकोत.

घाटमाथा
रजेचं आधी, कारण बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. शिबिर दहा दिवसांचं असलं तरी कॅलेंडरवरच्या बारा तारखा जातात. पोहोचायचा दिवस शून्यावा. दुपारी नोंदणी, फोन-पाकीट जमा, संध्याकाळी हलकं खाणं, रात्री आठच्या सुमारास आर्यमौन (एकमेकांशी न बोलण्याचा नियम) सुरू. त्यानंतर पूर्ण दहा दिवस आणि अकराव्या दिवशी सकाळी साडेसातच्या आसपास समारोप. म्हणजे बुधवारी दुपारी आत गेलात तर पुढच्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी बाहेर. परतीची गाडी सकाळी दहाच्या आधीची काढू नका, खोली आवरून द्यायची असते. सोमवारी लगेच ऑफिसात मोठी मीटिंगही ठेवू नका.

सासूबाईंसाठी: केंद्राच्या ऑफिसचा नंबर घरी दोघांकडे लिहून ठेवा, तुमचं पूर्ण नाव आणि शिबिराच्या तारखांसकट. खरीच निकड असेल तर निरोप व्यवस्थापकांमार्फत पोचतो. 'निकड' म्हणजे काय हे मात्र घरच्यांशी आधी ठरवा. नाहीतर गॅस सिलेंडर कुठे नोंदवायचा हे विचारायलाही फोन येतो. औषधांचा तक्ता, डॉक्टरांचा नंबर आणि रोख पैसे कुठे आहेत हे एका कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा.

पद्मासन_नको
गुडघ्याबद्दल. पहिली गोष्ट, मांडी घालायची सक्ती नाही. खुर्ची मिळते, पण त्रास फॉर्ममध्ये लिहा आणि शून्याव्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर पुन्हा सांगा. चौथ्या दिवशी लंगडत जाऊन मागण्यापेक्षा हे सोपं.

जमिनीवर बसायचंच असेल तर बैठकीची उंची हा सगळा मामला आहे. गुडघे कमरेपेक्षा वर राहिले की कंबर मागे कलते, पाठीला पोक येतं आणि सगळा ताण गुडघ्याच्या आतल्या बाजूला जातो. चार ते सहा इंच उंच, घट्ट उशी घ्या. मऊ उशी अर्ध्या तासात बसते आणि पुन्हा तेच. पायावर पाय चढवू नका, दोन्ही पिंढऱ्या एकापुढे एक जमिनीवर टेकवा. डावा गुडघा अधांतरी राहत असेल तर त्याखाली टॉवेलची घडी. अधांतरी गुडघाच सगळ्यात जास्त ठणकतो. आतापासून रोज ४५ मिनिटं याच पद्धतीने बसून बघा आणि गुडघ्याच्या सांध्यात टोचलं तर जिद्द न करता खुर्ची घ्या.

पायाला मुंग्या येणं वेगळं आणि सांधा दुखणं वेगळं. मुंग्या नस दाबली गेल्याने येतात, पाय सोडला की दोन-तीन मिनिटांत जातात. फक्त बधिर पायावर झटकन उभं राहू नका, घोटा मुरगळतो. सांध्यातली तीक्ष्ण कळ मात्र 'संवेदना' म्हणून सोसत बसायची गोष्ट नाही, आचार्यांना सांगा.

चौथ्या दिवशी विपश्यना (अंगावरच्या संवेदना बघायची साधना) शिकवली की त्यानंतर रोज तीन सामूहिक साधनांमध्ये 'अधिष्ठान' येतं. सकाळी ८ ते ९, दुपारी २.३० ते ३.३०, संध्याकाळी ६ ते ७. तासभर हात-पाय न हलवण्याचा आणि डोळे न उघडण्याचा प्रयत्न करायचा. प्रयत्न हा शब्द महत्त्वाचा, हललात म्हणून कुणी हाकलत नाही. बाकीच्या वेळी आसन हवं तेव्हा बदला.

कोरा_चहा
पाच कप चहाचा हिशोब आधी मिटवा. पहिल्या दोन दिवसांची डोकेदुखी 'ध्यानाची' समजतात, ती बहुतेकदा चहा-कॉफी तुटल्याची असते. जायच्या दहा दिवस आधीपासून दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करत दोनवर या. तिथे चहा मिळतो, पण सकाळच्या नाश्त्याला आणि संध्याकाळी पाचला. (वाचणाऱ्या इतरांसाठी: तंबाखू, मशेरी, गुटखा तिथे अजिबात चालत नाही. लपवून नेण्यापेक्षा आधी सोडा.)

दिवस पहाटे चारच्या घंटेने सुरू होतो, ४.३० पासून साधना, नाश्ता ६.३० ला, जेवण ११ ला. त्यानंतर नव्या साधकांना पाच वाजता चहा किंवा दूध, सोबत फळ, कुरमुरे असं हलकं काहीतरी. रात्रीचं जेवण नाही. जुन्यांना, म्हणजे आधी शिबिर केलेल्यांना, तर फक्त लिंबूपाणी. म्हणून अकराच्या जेवणात लोक भूक साठवल्यासारखं जेवतात आणि एकच्या बैठकीला पेंगतात. पोटाचा एक कोपरा रिकामा ठेवा. शिवाय बैठं काम आणि बदललेलं पाणी यांनी बद्धकोष्ठ होतं. त्यावर कोमट पाणी आणि जेवणानंतरच्या विश्रांतीत आखून दिलेल्या वाटेवर अर्धा तास चालणं, एवढं पुरतं.

बीपीची गोळी बंद करायची नाही. रात्रीची गोळी पाचच्या खाण्यासोबत घेतली तर चालेल का, हे तुमच्या डॉक्टरांना आताच विचारा. बारा दिवसांची लागते तर पंधरा दिवसांची न्या, सोबत प्रिस्क्रिप्शन. मधुमेहवाल्यांनी, विशेषतः इन्सुलिनवर असलेल्यांनी, फॉर्ममध्ये स्पष्ट लिहून खाण्याची सवलत आधीच ठरवून घ्यावी. नैराश्याची वा इतर मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर तेही लपवू नये. असे अर्ज कधी नाकारले जातात, आणि ते योग्यच आहे. रोज दहा तासांहून जास्त स्वतःबरोबर बसणं प्रत्येकाला प्रत्येक वेळी झेपत नाही.

नाशिककर_२
ऑगस्टमधली इगतपुरी म्हणजे ढग खोलीत शिरतात. कपडे वाळत नाहीत, हेच मुख्य संकट. सुती जाड कुडते नकोत. पातळ, लवकर सुकणारे सहा जोड, सैल, अंग झाकणारे. आतले कपडे आठ. जीन्स तर नेऊच नका, शिबिर संपेपर्यंत ओलीच राहील. नायलॉनची दोरी, दहा चिमटे, कपड्यांचा साबण, छत्री (रेनकोट नको, हॉलबाहेर काढण्या-घालण्यात वेळ जातो), पट्ट्याच्या रबरी चपला. निळे-पांढरे गुळगुळीत स्लिपर ओल्या फरशीवर हमखास घसरतात. टॉर्च, साधं गजराचं घड्याळ, छोटं कुलूप, शाल, मोजे. हॉलमध्ये पंख्याखाली ओल्या केसांनी तासभर बसलं की हुडहुडी ठरलेली.

अत्तर, उदबत्ती, पुस्तक, वही-पेन घरी. शेजारणीच्या घोरण्यासाठी कानात बोळे घालणार असाल तर पहाटेची घंटा ऐकू येणार नाही हे लक्षात ठेवा.

मुंबईकडून येत असाल तर थेट इगतपुरीला थांबणारी मेल-एक्सप्रेस घ्या. कसाऱ्यापर्यंत लोकल आणि पुढे घाट जीपने, हा बेत पावसात धुकं आणि दरडीवर अवलंबून असतो.

ओवी७१
खूप उपयोग झाला. खुर्ची सांगूनच टाकते. अजून एक, रोज सकाळी अनुलोम-विलोम आणि थोडा जप असतो. तेवढं खोलीत केलं तर चालेल ना?

पद्मासन_नको
नाही. आणि हा नियम नुसता शिस्तीचा नाही. पहिले साडेतीन दिवस आनापान असतं: नाकपुड्यांपाशी आणि वरच्या ओठाच्या वर, येणारा-जाणारा श्वास आहे तसा जाणायचा. प्राणायामात तुम्ही श्वास चालवता, इथे तो जसा चालतो तसा बघायचा. सकाळी एक आणि दुपारी दुसरं केलंत की नकळत श्वास ओढायला लागता, मग कपाळ जड होतं आणि 'मला जमत नाही' सुरू होतं. जपाचंही तेच. नाम आलं की मन त्यावर छान टिकतं, पण मग श्वास आणि पुढे संवेदना बाजूलाच राहतात. पावसाळी सर्दीने श्वास कळेनासा झाला तर चार-पाच श्वास जरा जोरात घ्या, जाणवला की पुन्हा नैसर्गिक.

चौथ्या दिवसानंतर डोक्यापासून पायापर्यंत एकेका भागावर लक्ष फिरवायचं असतं. एखाद्या भागात काहीच कळलं नाही तर तिथे मिनिटभर थांबून पुढे सरका. झिणझिण्या, प्रकाश, काहीतरी भारी घडावं म्हणून वाट पाहत बसलात तर घाम, खाज, कपड्याचा स्पर्श या हाताशी असलेल्या संवेदना निसटतात. अडलं तर दुपारी १२ ते १ आचार्यांना भेटता येतं, त्यासाठी नाव आधी नोंदवायचं. मौन साधकांमधलं आहे, खाणाखुणा आणि चिठ्ठ्याही त्यात आल्या. आचार्यांशी साधनेबद्दल आणि धम्मसेविकांशी (शिबिरात सेवा देणाऱ्या बायकांशी) गैरसोयीबद्दल हळू आवाजात बोलायची मुभा आहे. गिझर बिघडला तर दहा दिवस गार पाण्याने अंघोळ करत बसू नका.