भट्टी घेण्याआधी मीटर बघा

गंगापूर रोडच्या पॉटरी स्टुडिओसाठी मातीची भांडी भाजायला विजेवरची ६० लिटरची सिंगल फेज भट्टी घ्यावी की १२० लिटरची थ्री फेज, असं तुम्ही विचारलंय. वरच्या उत्तरांत सगळे आकारावरच बोलतायत, म्हणून थोडी भर.

आधी मीटर बघा. ९ किलोवॅटची भट्टी सिंगल फेजवर ३९-४० अँपिअर ओढते. थ्री फेजवर तोच भार वाटला जातो, प्रत्येक फेजला साधारण १३. जागा भाड्याची असेल तर वाढीव लोडला घरमालकाची संमती आधी घ्या. आमची भट्टी कनेक्शनची वाट बघत दीड महिना ताडपत्रीखाली होती, वर मांजर झोपायचं!

दुसरं म्हणजे तापमान. नुसतं टेराकोटा करणार असाल तर १००० अंश पुरतात. स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजलेली टणक भांडी) १२२०-१२४० पर्यंत न्यायचं असेल तर कमाल १३०० अंशांची भट्टी घ्या, १२५० वाली नको. एलिमेंट (भट्टीतल्या तापणाऱ्या तारा) जुनी झाली की त्यांचा रोध वाढतो, वीज कमी ओढली जाते आणि शेवटचे पन्नास अंश चढता चढत नाहीत. कंट्रोलरवरच्या आकड्यावर विसंबू नका, आत कोन (ठरलेल्या उष्णतेला वाकणारा सिरॅमिकचा छोटा सुळका) ठेवाच. बदली एलिमेंट किती दिवसांत मिळतील, हे पैसे देण्याआधी विचारा.

आठ-दहा विद्यार्थ्यांसाठी मी ६० लिटरचीच घेईन. मोठी भट्टी भरेपर्यंत लोक ‘माझा कप कधी?’ विचारून जीव खातात. आणि पावसाळ्यात भांडी नीट वाळल्याशिवाय आत घालू नका, बिस्कला (पहिल्या भाजणीला) फुटतात.