सेल्सो बोर्हेसला खेळताना पाहिलंय? आपापले अनुभव लिहा

कोस्टा रिका म्हटलं की लोकांना गोलरक्षक केलर नाव्हास आठवतो. माझा जीव मात्र मधल्या फळीतल्या सेल्सो बोर्हेसवर आहे. २०१४, २०१८ आणि २०२२ असे तीन विश्वचषक, देशाकडून सर्वाधिक सामने खेळण्याचा मान. कोस्टा रिकातल्या साप्रिसा क्लबपासून सुरुवात करून नॉर्वे, स्वीडन, स्पेन, तुर्कीपर्यंत क्लब फुटबॉल. तरी आपल्याकडे त्याच्याविषयी फारसं कुणी लिहीत नाही. टीव्हीवर असो की मैदानात, तुम्ही जे पाहिलं ते सविस्तर लिहा.

कोल्हापूर
२०१४ चा विश्वचषक, ग्रीसविरुद्धचा बाद फेरीचा सामना. आपल्याकडं रात्री दीडला सुरू झालेला. दुआर्तेला लाल कार्ड मिळालं आणि कोस्टा रिकाचे दहाच गडी उरले. मी स्वतः हाफला, म्हणजे मधल्या फळीत खेळायचो, त्यामुळं तिथनं पुढं चेंडू सोडून बोर्हेसकडंच बघत बसलो. शेजारचा गडी चेंडूवर गेला की हा त्याची जागा धरायचा. पुढं पळायचा मोह नाही. ९० मिनिटं संपल्यावर, भरपाईच्या वेळेत ग्रीसनं बरोबरी केली, मग जादा अर्धा तास. एवढं पळून झाल्यावर पहिली पेनल्टी घ्यायला कोण आलं? हाच! गोल. पाचच्या पाच आत, ५-३ नं जिंकले. पुढच्या फेरीत हॉलंडविरुद्धही पहिली पेनल्टी ह्याचीच, तीही आत. संघ मात्र ४-३ नं हरला. त्या रात्री लई वाईट वाटलं.

स्टॉकहोम
कोल्हापूरकर दादा, अगदी खरं. २०१३ मध्ये आम्ही इथे नवीन होतो, तेव्हा तो इथल्या एआयके क्लबकडून खेळायचा. सोल्नाच्या फ्रेंड्स अरेनात त्याला जवळून पाहिलं. थ्रो-इन यायच्या आधी तो मान वळवून मागे बघून घ्यायचा, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. चेंडू पायाशी येईपर्यंत कुणाला द्यायचा हे ठरलेलं असायचं. टीव्हीवर हे दिसतच नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे असतो. माझ्या मुलीला मी हेच बघायला सांगायचे.

मडगाव
जानेवारी २०१५. स्पेनच्या देपोर्तिवो ला कोरुन्या क्लबकडून पहिलाच सामना, रायो वायेकानोच्या मैदानावर, आणि दोन गोल! मी आनंदाने घर डोक्यावर घेतलं होतं.

अंधेरी
त्याच्या वडिलांबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? आलेशांद्रे गिमाराएस, जन्म ब्राझीलचा. १९९० मध्ये कोस्टा रिका पहिल्यांदा विश्वचषक खेळली, त्या संघात ते होते. २००२ आणि २००६ च्या विश्वचषकांत त्याच संघाचे प्रशिक्षक. आणि २०१६ मध्ये इंडियन सुपर लीगमधल्या आमच्या मुंबई सिटीचे! केरळला ५-० हरवलं त्या संध्याकाळी मी अंधेरीच्या स्टेडियममध्ये होतो. आमच्या फोर्लाननं हॅटट्रिक केली. हाच फोर्लान २०१४ मध्ये उरुग्वेकडून कोस्टा रिकाविरुद्ध उतरला होता आणि बोर्हेसच्या संघानं त्यांना ३-१ नं हरवलं होतं. दोन वर्षांनी तो त्याच बोर्हेसच्या वडिलांच्या हाताखाली मुंबईत खेळत होता. साखळीत आम्ही पहिले आलो, पण उपांत्य फेरीत कोलकात्याकडून हरलो. गिमाराएससारखा प्रशिक्षक मुंबईला मिळाला याचं मला आजही अप्रूप आहे.

कोल्हापूर
अंधेरीकर, हे ठाऊक नव्हतं. आणखी एक सांगतो. २०२१ ला तो मायदेशी परतला, पण साप्रिसात न जाता त्यांच्या कट्टर वैरी आलाहुएलेन्सेत गेला. ह्या पेठेचा खेळाडू त्या पेठेच्या संघात गेल्यावर काय होतं ते आम्ही शाहू स्टेडियमवर बघतो. तिशी ओलांडल्यावर ते सगळं अंगावर घेऊन तो खेळत राहिला. त्या काळातले त्याचे सामने कुणी पाहिले असतील तर जरूर लिहा.