टोचलं की भास झाला, हे ठरवत बसू नका

ताई, रात्रपाळीत सुई ग्लोव्हमधून लागल्यासारखी वाटली पण रक्त दिसलं नाही, मग इन्चार्जना सांगू की नको, असं तुम्ही विचारलंय. सांगा, आत्ताच. पीईपीची (एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी घ्यायच्या गोळ्यांची) पहिली गोळी शक्यतो 2 तासांत आणि 72 तासांच्या आतच सुरू व्हायला हवी. ग्लोव्हमध्ये पाणी भरून भोक शोधणं वगैरे नंतर. गोळ्या लागतील की नाही हे डॉक्टर ठरवतील, ते तुमच्या डोक्यावर नको. सोलापुरात सिव्हिलला एआरटी सेंटर (एचआयव्हीच्या औषधांचं केंद्र) आहे. खाजगीत नोकरी असली तरी तिथे जाऊन विचारा.

बोट साबण-पाण्याने धुवा. पिळून रक्त काढू नका (हे उलटं शिकवणारे अजून आहेत).

आकडा सांगते: रुग्ण एचआयव्हीबाधित असून सुई खरंच टोचली, तरी धोका साधारण 0.3 टक्के. मला जास्त काळजी हिपॅटायटिस बीची वाटते. रुग्णाला ती असेल आणि तुम्ही लस घेतली नसेल तर तो धोका 30 टक्क्यांपर्यंत जातो. तीन डोस झालेत का, टायटर (लसीमुळे रक्तात तयार झालेल्या अँटीबॉडीचं प्रमाण) 10 च्या वर आहे का, हे आधी बघा.

मेमो मिळेल या भीतीने बऱ्याच जणी गप्प राहतात. पण उद्या काही निघालंच, तर ड्यूटीवर झालं हे दाखवायला ती लेखी नोंद आणि आजच्या रक्ततपासणीचा रिपोर्टच कामाला येतो. गोळ्या सुरू झाल्या तर पूर्ण 28 दिवस घ्या. मळमळ झाली तर डॉक्टरांना सांगा, मध्येच सोडू नका. आणि शेवटचा रिपोर्ट येईपर्यंत घरी कंडोम वापरा. मिस्टरांशी ते बोलणं अवघड असतं, तरी बोला.