बेळगावात बेघरांचा रात्रनिवारा स्टँडजवळ हवा की गावाबाहेर?

शहापूरकर
आई इस्पितळात होती म्हणून ऐन आषाढात चार रात्री स्टँडकडे चहाला जात होतो. रोज एक म्हातारा त्याच बंद दुकानाच्या पायरीवर दिसायचा. चपला उशाला, त्यावर साडीच्या दुकानाची पिशवी, अंगावर खताचं रिकामं पोतं. पाऊस तिरका आला की पाय पोटाशी घ्यायचा, बस्स. चंदगडकडचा. हमालीला आलेला, कंबर गेल्यापासून रविवार पेठेत पोती शिवतो. म्हटलं, मामा, निवाऱ्यात का जात नाही? म्हणाला, "एवढ्या लांबनं पहाटे चारला पेठेत कसा पोचू बा?"

केंद्र सरकारच्या 2013 च्या नागरी उपजीविका अभियानाचा नियम असा होता की 1 लाख वस्तीमागे 100 जणांचा एक कायमचा निवारा हवा. 2011 च्या जनगणनेत बेळगाव 4 लाख 88 हजारांचं, म्हणजे निदान चार. पण माझा मुद्दा आकड्याचा नाही, जागेचा आहे. स्टँड, स्टेशन आणि पेठेपासून चालत जाता येईल असाच निवारा कामाचा. बाकीचे फोटोपुरते.

गल्लीतला दुकानदार
काय सांगालाय राव! सकाळी शटर उघडायला मी येतो, तुम्ही नाही. रोज दोन बादल्या पाणी पायरीवर ओततो. तुमचा म्हातारा गरीब असेल, पण माझ्या पायरीवरचे रात्री बाटली घेऊन येतात आणि सकाळी उठवलं की शिव्या देतात. बाजारात निवारा काढला की आणखी चार गावचे गोळा होणार. गावाबाहेर कणबर्गीकडे मोकळी हवा आहे, तिकडं काढा. जेवण द्या, टीव्ही लावा, आमची ना नाही.

शहापूरकर
ते आत्ताच तुमच्या पायरीवर आहेत की. निवारा जवळ झाला तर पायरी मोकळी कुणाची होणार?

करदाता, टिळकवाडी
घरपट्टीत 3 टक्के भिकारी उपकर आपण भरतोच. कर्नाटकात 1975 पासून भिक्षा प्रतिबंधक कायदा आहे, निराश्रितांची केंद्रं आहेत. गाडी आणा, उचला, तिकडे पोचवा. नवीन निवारे कशाला?

वकिलीण
पोती शिवून खाणारा माणूस भिकारी कसा हो? तो कायदा भीक मागणाऱ्याला पकडून ठेवण्याचा, रात्री पाठ टेकायला जागा देण्याचा नव्हे. 2010 च्या ऑगस्टमध्ये बेंगळुरूच्या अशाच केंद्रात माणसं एकामागून एक दगावली, तेव्हा किती गाजलं होतं आठवत असेल. दिल्लीत तर 2018 मध्ये उच्च न्यायालयानं भीक मागणं हा गुन्हाच ठेवला नाही. उपकर भरता ना, मग तो कुठं खर्ची पडतो ते विचारा. उचलून न्या म्हणणं सोपं आहे.

रात्रपाळी
जागेवरच भांडत बसलात, दारात काय होतं ते कुणी विचारेना. मी एका निवाऱ्यात (नाव नको) दोन वर्षं रात्रीची मदत केली. तिथला राखणदार कन्नड, पण म्हाताऱ्यांशी मोडकंतोडकं मराठी बोलायचा, त्यामुळे भाषेवरनं कुणी अडत नव्हतं. माणूस अडायचा तो आधारवर. खरं तर आधार, रेशन कार्ड मिळवून देणं हे निवाऱ्याचंच काम, आणि तेच दारात मागायचं!

एकदा पावसात एक बाई आली, स्वतःशीच बोलत, पायात दोन वेगवेगळ्या चपला. बायकांची खोली नव्हती. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा व्यक्तीला 24 तासांत सरकारी दवाखान्यात पोचवणं हे पोलिसांचं काम. फोन केला. सकाळपर्यंत ती ऑफिसच्या बाकावर बसून होती, आणि मी दाराशी. तेव्हा जागा जवळ हवीच, पण बायकांची वेगळी खोली आधी.

निपाणीहून काका
सरकारनं किती करायचं? त्या म्हाताऱ्याला पोरं असतीलच. म्हाताऱ्या आईबापांना पोरांकडनं पोटगी देणारा 2007 चा कायदा आहे, प्रांत अधिकाऱ्याकडं अर्ज टाकला की मिळते, महिना 10 हजारापर्यंत. आमच्या भाऊबंदात एकानं घेतली. आधी घर शोधा, मग निवारा.

शहापूरकर
काका, पोराचं विचारलं होतं मी. त्यानं पोतं डोक्यावरनं ओढून घेतलं.

गल्लीतला दुकानदार
बरं, होय म्हणू या. जागा कुठली? माणशी 50 चौरस फूट म्हणतात, म्हणजे 100 जणांना 5 हजार. पेठेतलं भाडं ठाऊक आहे का?

वकिलीण
शंभर एकदम नकोतच. जुन्या सरकारी इमारतीचा एक मजला, वीसेक खाटा, कुलपाची पेटी, पहाटे तीनला उघडणारं दार. पेटी विसरू नका. चपला उशाला घेतात ते हौसेनं नव्हे.

गल्लीतला दुकानदार
वीस असतील तर चालतंय. पण आमच्या गल्लीत नको हां, पुढच्या गल्लीत बघा.

रात्रपाळी
पुढच्या गल्लीत मी राहते. या, जागा दाखवते.