सात वर्षं 'अभ्यास करतोय' एवढीच माझी ओळख होती, आता मी कोण तेच कळेना. मदत हवी आहे

औसेकर_२९

नमस्कार. बरीच वर्षं इथं नुसता वाचतोय, लिहायची ही पहिलीच वेळ. आयडी नवा काढलाय, कारण जुन्या आयडीवरून गावातली दोघं मला ओळखतात.

वय २९. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातलं गाव. बीएस्सी ॲग्री झालं आणि २०१८ च्या जूनमध्ये एमपीएससी करायला पुण्यात आलो. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचं, शास्त्री रोडजवळच्या अभ्यासिकेत खुर्ची, दोन वेळची मेस. घरी चार एकर सोयाबीन. त्यातून बाबा महिन्याला सात हजार पाठवायचे.

हिशोब सांगतो. राज्यसेवेची पूर्व परीक्षा तीनदा निघाली, मुख्य एकदाही नाही. पीएसआयला मैदानी, मुलाखत सगळं झालं आणि अंतिम यादीत दीड मार्कानं राहिलो. २०२१ ला १४ मार्चची पूर्व तीन दिवस आधी पुढं ढकलली, तेव्हा रस्त्यावर उतरलेल्या पोरांत मीपण होतो. राज्यसेवेची मुख्य २०२५ पासून वर्णनात्मक झाली म्हणून नव्या वह्या आणल्या. पहिल्या वहीवर नाव घातलं आणि पुढं हातच चालेना. तसाच दोन तास बसून होतो. दुसऱ्या दिवशी खुर्ची सोडली.

एप्रिलपासून वाकडला दहा मिनिटांत किराणा पोचवणाऱ्या एका कंपनीच्या गोदामात शिफ्ट इनचार्ज आहे. दुपारी तीन ते रात्री बारा. काम वाईट नाही. पण बाबांना अजून वाटतंय की मी अभ्यासच करतोय. पैसे पाठवू नका म्हणालो, एका क्लासमध्ये पेपर तपासायचं काम मिळालंय असं सांगितलं. गावात गेलं की पारावरची माणसं 'या साहेब' म्हणतात. चेष्टेनं नाही, मनापासून म्हणतात. म्हणून दोन वर्षं गावाकडं गेलोच नाही.

आता त्रास काय ते. बाराला सुटतो, चारला टक्क जाग येते. मग छताकडं बघत पडायचं. सुटीच्या दिवशी आंघोळ होत नाही, संध्याकाळी पाचला लक्षात येतं की सकाळपासून पाणीसुद्धा प्यालो नाही. जूनपासून आठ किलो कमी झालोय. दिवसाला दहा तास वाचणारा माणूस मी, आता पेपरातली अर्ध्या कॉलमची बातमी पुरी होत नाही. रूमवर दोघं आहेत, चांगले आहेत, पण त्यांची नावं सोडून मला त्यांच्याबद्दल काही माहीत नाही. परवा मोजलं तर आठवडाभरात कामाव्यतिरिक्त माझं एकच वाक्य झालं होतं, 'गॅस संपलाय.'

मित्र होते. आम्ही चौघं. पीएसआयच्या मैदानीसाठी पहाटे साडेपाचला तळजाईवर पळायला जायचो. गोळाफेकीचा गोळा आमच्यातल्या एकाकडंच होता, तो पिशवीत घालून आणायचा आणि रोज कुरकुरायचा. माझे पुलअप्स कच्चे, पण ८०० मीटरला मला कुणी गाठायचं नाही. शेवटच्या दोनशेला फुप्फुसं पेटायची आणि तरी पाय आपोआप उचलायचे. पळून झालं की टेकडीखाली पोहे, आणि पैसे कुणी द्यायचे यावरून भांडण. त्यातला एक आज पीएसआय आहे, एक तलाठी, एक गावाकडं दूध डेअरी बघतो. पीएसआय झालेल्याचा दिवाळीत दोनदा फोन आला. उचलला नाही. ग्रुपमधून आधीच बाहेर पडलोय.

मागं मॉक इंटरव्ह्यूच्या फॉर्ममध्ये 'छंद' असा रकाना होता. सरांनी गिर्यारोहण लिहायला सांगितलं. मी सिंहगडावर दोनदा गेलोय, त्यातला एकदा जीपनं. तेव्हा हसलो होतो. आता त्या रकान्यात खरं काय लिहायचं हे मला खरंच माहीत नाही.

मरायचं वगैरे ठरवलेलं नाही. पण सकाळी जागच आली नाही तर बरं, असं रोज वाटतं.

मला विचारायचंय की हा आजार आहे का नुसती हरल्याची लाज? डॉक्टरकडं जायचं तर कुठं, खर्च किती? एकोणतिसाव्या वर्षी नवी ओळख, नवी माणसं कुठून आणायची? आणि बाबांना कसं सांगायचं? हे शेवटचं सगळ्यात अवघड.

सह्यकडा

मित्रा, नकारात्मक विचार सोड. रोज पहाटे प्राणायाम कर, मोबाइल बंद ठेव. आणि लग्न करून टाक, एकटेपणा आपोआप जाईल. आमच्या वेळी असले आजार नव्हते.

खडूस_काकू

सह्यकडा, पहाटे चारला तो जागाच असतो, प्राणायामाला उठवायची गरज नाही. आणि कुणाच्या तरी मुलीला औषध म्हणून घरात आणायची कल्पना आता तरी सोडा. आमच्या वेळीही हे आजार होतेच. माझ्या सासरी एक चुलत दीर वर्षभर माळ्यावर झोपून असायचे, त्यांना सगळे 'आळशी' म्हणायचे. एवढंच नाव होतं आमच्याकडे त्याला.

औसेकर, बाळा, आधी पाण्याची बाटली भरून उशाशी ठेव. बाकीचं जाणकार सांगतीलच.

ओपीडी_नंबर_७

मी मानसोपचार विभागात समाजसेवक म्हणून काम करते. निदान इथं बसून करता येत नाही आणि मी करणारही नाही. पण पहाटे लवकर जाग, वजनातली घट, लक्ष न लागणं, कशातच रस नाही, आणि हे सगळं दोन आठवड्यांहून जास्त. एवढं ऐकल्यावर आमच्या खोलीत कुणीही 'लाज वाटतेय, जाईल हळूहळू' असं म्हणणार नाही. लाज आहेच. तिच्या जोडीला आजारही असू शकतो आणि त्याला उपचार आहेत.

शेवटचं जे लिहिलंत त्याबद्दल सरळ विचारते, राग मानू नका. 'जाग आली नाही तर बरं' याच्या पुढे विचार जातो का? कसं, कुठे, कधी असं मनात येतं का? येत असेल तर ओपीडीच्या दिवसाची वाट पाहू नका. आजच रूमवरच्या एकाला सांगा, थेट दवाखान्याच्या तातडीच्या विभागात जा. विचार त्याच्या पुढे जात नसला तरी १४४१६ हा नंबर सेव्ह करून ठेवा. टेली-मानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. चार वाजता छताकडे बघण्यापेक्षा तो फिरवा. त्यासाठी 'फार गंभीर' असावं लागत नाही.

कुठे जायचं? वाकडहून तुम्हाला औंधचं जिल्हा रुग्णालय किंवा पिंपरीचं वायसीएम जवळ. ससूनही आहे, पण तिथली रांग जीव काढते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, औंध त्यातच येतं. तुमची शिफ्ट दुपारची आहे, म्हणजे सकाळची ओपीडी जमेल. डॉक्टर बहुधा थायरॉइड आणि बी-१२ बघायला सांगतील, कारण त्यांच्या कमतरतेतही माणूस असाच गळून जातो. गोळ्या दिल्या तर पहिल्या आठवड्यात 'काहीच फरक नाही' म्हणून सोडू नका. फरक कळायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. सुरुवातीला मळमळ, थोडी बेचैनी होऊ शकते. आणि बरं वाटलं म्हणून मनानं एकदम बंद करायच्या नाहीत. ही चूक सगळे करतात. कंपनीचा आरोग्य विमा असेल तर तोही बघा, २०१७ च्या कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखेच धरावे लागतात.

आणखी एक, हे पुस्तकातलं नाही. तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. सगळीकडे वाक्यं थकलेली आहेत, फक्त एका परिच्छेदात जीव आहे. शेवटच्या दोनशे मीटरचा. छंदाच्या रकान्यात काय लिहायचं ते कळत नाही म्हणता, आणि त्याच्या बरोबर वर तुम्ही ते लिहिलेलं आहे. इच्छा झाली की पळेन असं म्हणू नका, या आजारात इच्छा शेवटी येते. आधी बूट घालायचे, दहा मिनिटं चालायचं, परत यायचं. जमलं नाही तर नुसते बूट घालून दाराशी बसा, तेही चालेल.

माणगंगा

भावा, मी सहा वर्षं नव्या पेठेत होतो. २०२२ ला बॅग भरली. आता सांगोल्यात डाळिंबाच्या रोपांची नर्सरी आहे. म्हणून हे लिहितोय.

आपल्याला सगळ्यात जास्त कशानं खाल्लं माहीत आहे का? परीक्षेनं नाही. 'पुढच्या वर्षी' या शब्दानं. मित्राच्या लग्नाला पुढच्या वर्षी, बहिणीकडं पुढच्या वर्षी, दात दुखतोय तरी पुढच्या वर्षी. यादी लागली की जगायला सुरुवात करायची, असं ठरवून आपण सगळं बांधून माळ्यावर टाकलेलं असतं. यादीत नाव आलं नाही आणि माळाही आता आठवत नाही. तुझी ओळख गेली असं तुला वाटतंय. मला वाटतं तू ती वापरलीच नव्हतीस.

वडिलांचं सांगतो. मी सात महिने खोटं बोललो. मनात भाषण तयार केलं होतं, अगदी निबंधाच्या पेपरसारखं, प्रस्तावना वगैरे. शेतात मोटार बिघडली होती, वडील पाना मागत होते, आणि मी पाना देता देता म्हणालो, 'अण्णा, मी सोडलं.' ते म्हणाले, 'धर नीट.' पाना म्हणजे. मग अर्धा तास कुणी काही बोललं नाही. रात्री जेवताना आईला म्हणाले, 'पोरगा सुकलाय, तूप वाढ.' बास. नंतर वर्षभर अधूनमधून टोमणे आले, ते खोटं नाही सांगत. एका लग्नात तर सगळ्यांसमोर बोलले. पण तोवर मी झोपायला लागलो होतो.

सगळ्यांचे वडील तसे नसतात हे कबूल. माझ्या रूम पार्टनरच्या वडिलांनी दोन महिने फोन उचलला नाही. म्हणून आधी डॉक्टर, मग वडील. उलटं करू नको. आणि सांगशील तेव्हा समोर बसवून सांगू नको, दोघांच्या हाताला काहीतरी काम असू दे.

टोरांटोतला_पक्या

मी तिशीत कॅनडात आलो, पहिली दीड वर्षं कुत्रंसुद्धा ओळखीचं नव्हतं. मैत्रीबद्दल एकच अनुभव. 'मित्र शोधायचे' म्हणून गेलो तिथं एकही मिळाला नाही. एका मैदानावर दर शनिवारी सकाळी आठला टेनिस बॉलचं क्रिकेट चालायचं, तिथं जाऊन नुसता उभा राहायचो. तिसऱ्या शनिवारी एक जण कमी पडला. सहाव्या शनिवारी एकानं घरून पराठे आणले. तीच जागा, तीच वेळ, तीच माणसं, बस. बोलायला काही नसलं तरी चालतं. आणि ज्याचे फोन येतायत त्याला नव्यानं शोधावं लागत नाही, हे तुझ्या लक्षात आलंय का?

वही_कोरी

मीही अस्पिरंट, मुलगी. आम्हाला सात वर्षं मिळत नाहीत, तीन अटेम्प्ट झाले की स्थळं सुरू. तरी तुमचं वाचून रडले. बाकी काही नाही, एवढंच सांगायचं होतं.

औसेकर_२९

सगळ्यांचे आभार. दोन दिवस धागा उघडायचीच हिंमत झाली नाही.

ताई, तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर: नाही, 'कसं' असं मनात येत नाही. पण तुम्ही सरळ विचारलंत तेव्हा छातीवरचं काहीतरी हललं. इतक्या महिन्यांत मला कुणी काहीच विचारलं नव्हतं. मी विचारू दिलं नव्हतं, असंही म्हणता येईल. नंबर सेव्ह केलाय. काकू, बाटली भरली.

औसेकर_२९

तीन आठवडे झाले, म्हणून कळवतो.

औंधला जाऊन आलो. पहिल्या दिवशी गेटपर्यंत गेलो आणि परत आलो, दुसऱ्या दिवशी आत गेलो. डॉक्टरांनी आठ-दहा मिनिटंच दिली, पण नीट ऐकलं. बी-१२ बरंच कमी निघालं, त्याची इंजेक्शनं चालू आहेत. दुसरी एक गोळी रात्री घ्यायची, आज सोळावा दिवस. पहिला आठवडा पोटात ढवळायचं. फार काही बदललंय असं नाही म्हणणार, पण जाग आता साडेपाचला येते, चारला नाही.

बूट घालून दाराशी बसायचं तेही केलं. रूमवरच्या एकानं विचारलं, कुठं निघालास? म्हणालो, कुठंच नाही. तो म्हणाला, मग दूध घेऊन ये. गेलो. त्याचं गाव उदगीर निघालं, आमच्याच जिल्ह्यातला. सात महिने एका खोलीत झोपतोय आम्ही.

पीएसआय मित्राला फोन केला. अभिनंदनाचं वाक्य तयार ठेवलं होतं, पण तो आधी शिव्याच द्यायला लागला. दहा मिनिटं नुसत्या शिव्या. मग म्हणाला, त्याचं वजन नव्वदच्या पुढं गेलंय, ड्यूटीमुळं पळणं सुटलंय, आणि तो गोळा अजून त्याच्याच रूमवर आहे. पुढच्या महिन्यात सुटीवर पुण्यात येणार आहे. तळजाईला भेटायचं ठरलंय. मी त्याला आत्ता जोरात पळता येत नाही म्हणालो. तो म्हणाला, मला चालतापण येत नाही.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. परवा त्यांचा फोन होता. येळवस आलीय, यंदा तरी येणार का म्हणून. बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडं मार्गशीर्षातल्या अमावस्येला अख्खं गाव शेतात जातं, कडब्याची कोप, म्हणजे खोपी, घालून पूजा करतात आणि दिवसभर भज्जी, आंबील, उंडे. त्या दिवशी कोप बांधायला मी आणि बाबा दोघंच असतो, पहाटेपासून. माणगंगा, तुझं पान्याचं वाचल्यापासून हेच डोक्यात आहे.

येतो म्हणालो. आता शिफ्ट बदलून मिळते का ते बघायचंय. सोबतचा इनचार्ज म्हणतो सुटी घे, पण येताना आंबील आण. पुण्यापर्यंत ती टिकेल का, हे कुणाला माहीत असेल तर सांगा.