आरसीसीबी पडतोय तर तो काढू नका

'आरसीसीबी (करंट कुठे गळाला तर वीज आपोआप तोडणारा स्विच) सारखा पडतो, म्हणजे आपोआप बंद होतो, तर तोच खराब, काढून टाका' असं दोघांनी सुचवलंय. अजिबात पटलं नाही. आमचं सिडकोतलं (नाशिकचं) जुनं रो हाऊस, वरचा मजला मागाहून चढवलेला. यंदा किचनचं काम काढलं, तेव्हा नवीन डीबी (सगळे स्विच असलेली विजेची मुख्य पेटी) बसवून खालच्या आणि वरच्या मजल्याला वेगळे ३० मिलिअँपिअरचे (एवढा करंट गळाला की पडणारे) आरसीसीबी घेतले. जिन्यातला दिवा लावला की खालचा, वरचा किंवा दोन्ही पडायचे! वायरमननं एक बदलूनही पाहिला, फरक शून्य.

शेवटी किचनच्या टाइल्स फोडताना भिंतीतच, बॉक्सबिक्स काही नाही, नुसती पिळून टेप गुंडाळलेली जोडणी सापडली. जिन्यातल्या दिव्याला फेज (करंट आणणारी वायर) वरच्या मजल्याचा आणि न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) मात्र खालच्या किचनचा! मजला चढवताना कुणीतरी वायर वाचवली असणार. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट ताडून बघतो. इथे गेला एकातून, परतला दुसऱ्यातून. पडणारच बिचारे.

यातली खरी भीती वेगळीच आहे. किचनचा सिंगल पोल एमसीबी (फक्त फेज तोडणारा स्विच, न्यूट्रल जोडलेलाच राहतो) बंद करून ती न्यूट्रलची जोडणी सोडवली आणि जिन्यातला दिवा चालू असेल, तर दिव्यातून येऊन ती 'मेलेली' काळी (न्यूट्रलची) वायर जिवंत होते. आमच्या वायरमननं नशिबानं आधी टेस्टर लावला. त्यानंतर घरात काम चालू असताना मी मेन स्विचच पाडतो, फ्रिजमधलं दूध नासलं तरी चालेल.