स्टिरिओ रिअलिस्टमध्ये एकाच डोळ्याची फ्रेम फिकी येतेय

ओहायोकर:
मंडळी, इथे एका गराज सेलमध्ये स्टिरिओ रिअलिस्ट मिळाला, म्हणजे दोन लेन्सने एकाच वेळी दोन फोटो घेऊन थ्रीडी स्लाइड बनवणारा फिल्म कॅमेरा, मिलवॉकीच्या डेव्हिड व्हाइट कंपनीचा, १९४७ ला बाजारात आलेला तो तीन डोळ्यांचा (मधला व्ह्यूफाइंडरचा). एफ ३.५ लेन्सवाला. एक्टाक्रोम स्लाइड फिल्मचा रोल मारला, स्लाइड व्ह्यूअरमध्ये घातल्या तर आधी एकदम भारी वाटलं पण दोन मिनिटांत डोकं धरलं. मग एकेक डोळा झाकून बघितलं तर डावीकडे बायकोची काळी शाल चक्क राखाडी आणि उजवीकडे काळीकुट्ट. लेन्स तर चकाचक आहेत, उजवीवर दोन बारीक ओरखडे तेवढे. शटर गेलं का?

रिळवाला:
पांढरे भाग दोन्हीकडे सारखेच आहेत ना? शटर किंवा अ‍ॅपर्चरची गडबड असती तर अख्खी फ्रेमच उजळ नाहीतर गडद आली असती. नुसतं काळंच फिकं पडलंय म्हणजे लेन्सच्या आत हेझ, म्हणजे धुरकट थर, आहे. फिल्म नसताना मागचं झाकण काढ, शटर बी वर लाव (बटण दाबून धरलं की उघडं राहतं), अ‍ॅपर्चर ३.५ ला उघड, शटर चढवून दाबून धर आणि पुढून तिरका टॉर्च मारून मागून बघ. ओरखड्यांचं टेन्शन घेऊ नको, त्यांनी काही होत नाही.

ओहायोकर:
बघितलं!! डाव्या लेन्समध्ये आंघोळीनंतरच्या आरशासारखं धुकं. उजवी स्वच्छ.

ठाणेकर८२:
मग नशीबवान आहेस, आमच्याकडे पावसाळ्यात थेट बुरशीची जाळी होते आणि ती काचेवरचं कोटिंगच खाते, मग कितीही पुसा डाग राहतोच. हेझ आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लेन्स टिश्यूने निघतो. पण खोलायच्या आधी डावी उजवी लिहून ठेव आणि प्रत्येक काच किती आटे आत होती ती खूण कर. रिअलिस्टमध्ये फोकसला लेन्स हलत नाही, फिल्म मागेपुढे होते, त्यामुळे एक लेन्स अर्धा आटा जरी वर राहिली तरी ती फ्रेम कायमची सॉफ्ट. आणि डावीउजवीच्या काचांची अदलाबदल चुकूनही नको, फोकल लेंथ (जिच्यावर चित्र किती मोठं येतं ते ठरतं) जुळवून जोडी लावलेली असते. मी दुसऱ्या एका कॅमेऱ्यात हा शहाणपणा केला होता, दोन्ही फ्रेममध्ये माणसं लहानमोठी, बघताना तिरळं व्हायची वेळ आली.

रिळवाला:
बरोबर. आणि साफ केल्यावरही ऊन बाजूने असेल तर जपून, दोन लेन्समध्ये ७० मिमी अंतर आहे, एकीवर ऊन पडतं आणि दुसरी सावलीत असं होतं, मग पुन्हा एकाच फ्रेममध्ये काळं फिकं. हाताने आडोसा कर पण बोट एका फ्रेममध्ये आलं तर व्ह्यूअरमध्ये ते भुतासारखं तरंगतं हां.

ओहायोकर:
खुणांसाठी बायकोचं नेलपेंट घेतलंय, तिला अजून सांगितलेलं नाही. शनिवारी उघडतो.